पहिल्या खुर्चीवरची टोपी

दर शनिवारी चर्चच्या तळघरात मोफत दवाखाना भरायचा आणि बाहेर पहाटेपासूनच गाड्यांची रांग लागायची. विमा नसलेली माणसं ती. कोणाची खाण बंद पडलेली, कोणी हॉटेलात ताटं धुणारी. दार उघडलं की आपली एखादी वस्तू खुर्चीवर ठेवायची, नंबर धरायचा आणि गाडीत जाऊन पुन्हा ताणून द्यायची, अशी रीत होती. ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात भांडखोरांना तोटा नव्हता, पण हे सगळेच पाळत.

रक्तदाब तपासायला ग्लेना बसे. निवृत्त नर्स, जिभेनं तिखट, मनानं मऊ. उन्हाळ्यापासून तिला कोरडा खोकला होता. डॉक्टर मेबन म्हणत, "एकदा छाती दाखव." ती म्हणे, "आधी ही रांग संपवा, मग माझे लाड करा."

हल्ली पहिल्या खुर्चीवर खाणकामगाराची एक टोपी असायची. कोणाची तरी थट्टा, असं ग्लेनाला वाटलं. पण कुलूप तीच काढायची, दिवे तीच लावायची, आणि टोपी तिच्याआधी हजर! कापड ओलसर, मातीचा वास येणारं. पुकारा केला तरी कोणी उठत नसे, आणि आवराआवर होईपर्यंत टोपी गेलेली असे.

ऑर्फामावशी सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन यायची आणि जिन्याच्या वरूनच परत फिरायची.

"मावशी, ओठ बघा केवढे निळे पडलेत. खाली येऊन बसा."

"माझ्या म्हातारीचं काय घेऊन बसलीस? खाली खरी आजारी माणसं आहेत. त्यांचा नंबर कशाला खाऊ?"

तिचा नवरा कॉयही हेच म्हणाला होता. गेल्या हिवाळ्यात आपला नंबर त्यानं एका लेकुरवाळीला दिला आणि बाहेर गाडीत बसल्या बसल्या गेला. आता ही बाईही त्याच वाटेनं निघालेली पाहून ग्लेनाला रडूच यायचं.

त्या शनिवारी मावशीला जिन्यातच दम लागला. बरणी हातातून सुटून फुटली. ग्लेनानं तिला धरून खाली आणलं. खुर्च्या भरलेल्या होत्या. दोघंतिघं उठले.

"बसा रे, बसा. मी काही मरत नाही," मावशी धापा टाकत म्हणाली. मग तिची नजर टोपीवर गेली.

"ही कोणी आणली इथं?"

तिनं वाकून टोपीची कड चाचपली.

"कॉयची आहे. शवपेटी बंद करण्याआधी मी माझ्या हातानं त्याच्या छातीवर ठेवली होती."

ग्लेनाला आपली बहीण आठवली. तिनंही नोलाला शेवटचा निरोप देताना स्वतः विणलेले पिवळे हातमोजे घातले होते. नोलाला थंडी सोसायची नाही.

मावशीनं टोपी उचलून उराशी धरली. "मेल्या, आता तरी माझा पिच्छा सोड," म्हणता म्हणता ती हसली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. "धरलास ना नंबर माझ्यासाठी? बसते, बाबा, बसते."

ती बसली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ठोके ऐकले आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. जरा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं शहरातल्या इस्पितळात म्हणाले.

टोपी पुन्हा दिसली नाही. मावशी मात्र यायला लागली, मुरंब्यासकट, आणि मुकाट्यानं रांगेत बसायला लागली. ग्लेनाला फार बरं वाटलं.

पहिला बर्फ पडला त्या शनिवारी ग्लेना खोकत खोकतच जिना उतरली. कुलूप काढलं. दिवा लावला.

पहिल्या खुर्चीवर पिवळे हातमोजे होते.

वरून कोणीतरी हाक मारली, "ग्लेना, येऊ का नंबर धरायला?"

"या," ती म्हणाली. "पहिला मात्र गेलाय."

ती खुर्चीत बसली. लोकर बाहेरून ओली, गार होती. तिनं एक मोजा हातात चढवला.

आतून तो उबदार होता.