सोबत कोण

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट यात माझीच लाज निघते.

रात्र नव्हती. डिसेंबरातला बुधवार, दुपारचे साडेबारा. बुऱ्हाणपूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातली अंधारी खोली. मी मोहित, तिथे यंत्रावर डोळे तपासतो.

पण आधी दोन महिने मागे जावं लागेल.

भागाकाकू तुकईथडहून न कळवता आली होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. लोकांच्या केळीच्या बागेत राबून शिकवलं. तिच्या एकूण एक लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते धुऊन जात नाहीत.

काउंटरवरच्या ज्योत्स्नाने विचारलं, "मोहित, ये कौन है? तुझं नाव घेत होत्या."

मी त्या डागांकडे पाहिलं.

"गावाकडच्या आहेत," म्हणालो. "ओळखीच्या नुसत्या."

काकू माझ्या मागेच उभी होती.

पेशंटच्या कार्डावर 'सोबत कोण' असं विचारलेलं असतं, त्याखाली 'नातं'. दोन्हीकडे मी माझ्या हाताने लिहिलं... कोणी नाही.

यंत्रावर हनुवटी टेकवून काकूने विचारलं, "काय दिसते, साहेब?"

साहेब.

मोहित्या सोडून तिने मला कधी दुसरी हाक मारली नव्हती.

तिच्या डाव्या डोळ्यात आत पांढरे, चमकते कण होते. शेकडो. डोळा हलला की हलायचे आणि परत आपल्या जागी यायचे. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं हे, नजर जात नाही, औषधही लागत नाही. ज्याच्या डोळ्यात असतात त्याला ते बहुधा जाणवतही नाहीत, तपासणाऱ्यालाच दिसतात.

"म्हनजे मले नाही, पाहनाऱ्याले दिसते," काकू म्हणाली. "बरं."

एकटीच बसस्टँडवर गेली. मी सोडायलाही गेलो नाही. तीन आठवड्यांनी ती वारली.

आता तो बुधवार.

खुर्चीत कॉलेजातली एक मुलगी होती, तेजस्विनी. चष्म्याचा नंबर काढायला आलेली. मी तिच्या डाव्या डोळ्यात पाहिलं आणि...

तेच कण.

हलले. परत जागेवर आले.

विशीतल्या डोळ्यात हे सहसा नसतं. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नीट पाहिलं. "काहीच तर नाही, मोहित."

मी पुन्हा यंत्राला डोळा लावला. होते.

आणि अगदी जवळून आवाज आला...

"काय दिसते, साहेब?"

मुलीचे ओठ मिटलेले होते.

त्यानंतर सुकलाल नावाचे आजोबा आले. त्यांच्याही डाव्या डोळ्यात तेच. डॉक्टरांना पुन्हा काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आधी तुझेच डोळे तपासू. कार्ड काढून आण."

काउंटरवर रश्मी होती, त्याच आठवड्यात कामाला लागलेली. काकूला तिने कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं आणि पाण्याचे दोन घोट घेऊन आलो. तोवर तिने कार्ड पूर्ण भरून ठेवलं होतं.

सोबत कोण: भागाबाई.

मी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. बाकावर बसल्यात ना." तिने मान वळवली. "अरे, अभी तो यहीं थीं. लुगड्यावर काळे डाग होते बघ..."

बाक रिकामा होता.

मी कार्डाची पुढची ओळ वाचली.

नातं: कोणी नाही.

"मी दोनदा विचारलं," रश्मी म्हणाली. "त्या म्हणाल्या, साहेबानंच असं लिहेल हाये."

मी तिथेच उभ्या उभ्या ते खोडलं आणि 'काकू' लिहिलं. डॉक्टरांनी तपासलं, माझ्या डोळ्यांत काही निघालं नाही. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पण अंधाऱ्या खोलीत आवाज अजून येतो. आणि अजून ती मला साहेबच म्हणते.