मुकी पेटी आणि चौथं पान

अंतिम रेषेवर टाळ्या वाजवायची पद्धत आता उरली नव्हती. धावपटू रेषा ओलांडत, धापा टाकत गवतावर बसत, आणि प्रेक्षक हाताची घडी घालून फलकाकडे बघत राहत. दोन मिनिटांनी मुकी पेटी प्रत्येकाची ‘भर’ जाहीर करी. मग कोण जिंकलं ते ठरे आणि मगच टाळ्या पडत.

ही पेटी डॉ. विभावरी राजाध्यक्ष यांची. शर्यतीआधी रक्ताचा एक थेंब आणि छातीवर चिकटवलेली एक पट्टी, एवढंच तिला लागे. तेवढ्यावरून ती खेळाडूला जन्मतः मिळालेला फायदा मोजी: रक्त किती प्राणवायू वाहतं, हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं, संप्रेरकं किती. सरावाने कमावलेलं ती सोडून देई. जन्माच्या देणगीइतके सेकंद वेळेत मिळवले जात, तीच भर. आकडा सांगून झाला की पेटी आपला सगळा हिशेब पुसून टाकी, म्हणून ती ‘मुकी’. शरीराचं गुपित कोणालाच कळत नसे, खुद्द खेळाडूलाही नाही. त्याला कळलं तर तो औषधं घेऊन आकडा खाली आणील, ही भीती. त्यामुळे ज्याला स्वतःच्या देहाची माहिती मिळाली, मग ती रक्ताच्या नात्यातल्या कोणाच्या अहवालातून का असेना, तो पाच वर्षं बाद. हा नियमही विभावरींनीच लिहिला होता आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता.

त्या अभिमानाचं कारण आज त्यांच्यासमोर खुर्चीत बसलं होतं. धनश्री खरात, माण तालुक्यातली. अकरा वर्षांपूर्वी ती पाच हजार मीटरची राष्ट्रीय विजेती होती. कोणीतरी तिचा वैद्यकीय अहवाल फोडला, संप्रेरकांचा आकडा वाहिन्यांवर झळकला आणि ही बाई आहे की नाही यावर चहाच्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांनीसुद्धा अकलेचे तारे तोडले. धनश्रीने बूट काढले ते कायमचे. आता ती गावात पिठाची गिरणी चालवते. तिचे हाल बघूनच विभावरींनी पेटी मुकी केली होती. धनश्रीची धाकटी बहीण ओवी त्याच पेटीच्या भरवशावर निर्धास्त धावत होती. आज दुपारी तिची आशियाई स्पर्धेची प्राथमिक फेरी होती.

“बाई, ओवीची भर वाढतीया,” धनश्री म्हणाली. “पयली दोन सेकंद हुती, मग पाच झाली, आता नऊ. जन्माचंच हाय तर वाढंल कसं?”

प्रश्न बिनतोड होता आणि तो त्यांना स्वतःला सुचायला हवा होता.

“पेटी उघडून बघा की.”

“आत काही उरतच नाही. मीच तसं केलंय.”

“मग दवाखान्यात नेते तिला.”

“पाच वर्षं घरी बसेल. आणि कदाचित काही निघणारही नाही.”

“आन निघालं तर?”

विभावरींनी चष्मा काढून ठेवला. “काही माणसांच्या हृदयात जन्मापासून एक दोष असतो. हृदयाची भिंत वर्षागणिक जाड होत जाते. सुरुवातीला असं हृदय जास्तच जोरात आकुंचन पावतं. पेटी तो फायदा धरते. आणि एखाद्या दिवशी पळता पळता ते थांबतं. पेटीला आजार कळत नाही, धनश्री. तिला फक्त फायदा कळतो.”

“घराण्यात चालतं का ह्ये?”

“चालतं.”

“मग माझा कागद बघा. त्यो तर साऱ्या जगानं बघितलाय.”

विभावरी ओशाळल्या. जगाने चवीने वाचलेला तो अहवाल त्यांनी कधीच उघडला नव्हता. न वाचणं हाच त्यांचा सभ्यपणा होता. धनश्रीने तो मोबाइलवर शोधला. सगळीकडे फक्त दुसरं पान होतं, संप्रेरकांचं. सहा पानांचा पूर्ण अहवाल सापडायला बराच वेळ गेला. चौथं पान हृदयाचं होतं; ते आजवर कोणीच, धनश्रीनेही, वाचलं नव्हतं. धनश्रीने अडखळत वाचलं, “डाव्या कप्प्याची भिंत जाड. आनुवंशिक दोषाची दाट शक्यता. धावणे त्वरित थांबवावे.”

“म्हंजी माझ्यातबी हाय?”

विभावरींनी होकारार्थी मान हलवली.

“लोकांनी तोंडाला काळं फासलं म्हणून मी पळायची थांबले,” धनश्री सावकाश म्हणाली. “आन म्हणून मी जित्ती हाय व्हय?”

विभावरींच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं ज्या अन्यायाविरुद्ध त्या झटल्या, त्यानेच या बाईला वाचवलं होतं. आणि त्यांच्या न्यायाने तिच्या बहिणीला खुशाल पळू दिलं होतं. त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

धनश्रीने फोन लावला.

“ताई, लवकर बोल, पुढची शर्यत माझीच हाय!”

“पळू नगं. माझा कागद धाडलाय तुला. चौथं पान वाच.”

“त्यो कागद?” ओवी चिडली. “त्यो कधी उघडायचा न्हाई, अशी तुझी शपथ घेतलीया मी. आन वाचला तर बाद हुईन ना गं!”

“व्हय. हुशील. मीच सांगतीया, उघड.”

फोन चालूच राहिला. ओवीने कागद उघडला की नाही, ते इकडे कळेना. पलीकडे मैदानावर कुठलीशी शर्यत संपल्याचा इशारा वाजला आणि पाठोपाठ हजारो माणसांची ती सवयीची शांतता ऐकू आली. सगळे आकड्याची वाट बघत होते.