ओल्या चुन्याखाली

“माझ्या हातच्या जमिनीतून मुंगीसुद्धा वर येणार न्हाई,” असं मलप्पा गवंडी निलंग्यापासून कंधारपर्यंत सांगत फिरायचा. वर स्वतःच डोळा मिचकावून म्हणायचा, “आपल्या घरी मात्र मुंग्याच मालक. आपुन त्यांचे भाडेकरू.”

निजामी अमलाची शेवटची वर्षं होती ती. कंधारच्या कचेरीतले कारकून अनंतराव यांनी त्याला आतल्या खोलीत शहाबादी फरशी बसवायला बोलावलं. अनंतरावांची बायको गोदावरी पोटुशी होती. मागच्या साली याच खोलीत तिला पहिलं मूल झालं, ते रडलंसुद्धा नाही. डॉक्टरनं दोष दिला जुन्या मातीच्या ओलीला. तेव्हा या बाळंतपणाआधी जमीन पक्की व्हायलाच हवी होती. एवढं सांगून अनंतराव शेरवानीची बटणं लावत कचेरीत गेले. खोऱ्याला हात लागला असता तर बहुतेक नोकरीच गेली असती त्यांची!

खोलीला खिडकी नव्हती. मलप्पानं जुनी माती खरवडली तसा थंड, आंबूस वास भिंतींना धरून बसला. मग मुरूम पसरला, पाणी मारलं, धुमसानं ठोकत ठोकत तो आतल्या कोपऱ्यापाशी आला. तिथं आवाज बदलला. पोकळ.

“हे उकराया लागतंय, बाई. पोकळावर फरशी टिकत न्हाई.”

“तिथं उकरू नका,” उंबऱ्यात बसलेली गोदावरी म्हणाली. “तसंच बुजवा.”

दोन जिवांच्या बाईशी हुज्जत कोण घालणार? मलप्पानं ऐकलं. धंद्यात जे कधी करू नये ते केलं.

त्याचा जोडीदार मोहियोद्दीन गुळाच्या पाण्यात मळलेला चुना घमेल्यातून आणत होता. बिचारा बोलायला कमी, भ्यायला पुढं. मलप्पाला हुक्की आली. त्यानं थापीच्या मुठीनं जमिनीवर ठोकलं आणि मागं लपवलेल्या टाचेनं उत्तर दिलं. ठक... ठक.

“मोहियोद्दीन, खालून कोन तरी विचारून राहिलंय रे, चुना आनला का म्हनून!”

घमेलं हातातून सुटलं. “या अल्ला! मलप्पा, तेरी जबान में कीडे पडो!”

मलप्पा पोट धरून हसला. गोदावरी हसली नाही. ती कोपऱ्याकडं बघत होती.

दिवस कलला तेव्हा अख्ख्या जमिनीवर चुन्याचा थर बसला होता. मोहियोद्दीन घमेली धुवायला आडावर गेला. गोदावरीनं कंदील आणून उंबऱ्यावर ठेवला. मलप्पा फळीवर उकिडवा बसून कोपरा घोटत होता. चुना गुळगुळीत, पांढरा, सायीसारखा.

ठक...

थापी थांबली.

“पुरे आता, मलप्पा,” गोदावरी हळूच म्हणाली.

“मी न्हाई, बाई...”

त्याचे दोन्ही पाय फळीवर होते. आडावरून रहाटाची कुरकुर येत होती, म्हणजे मोहियोद्दीन तिकडंच. ठक... ठक. कोपऱ्यातला ओला चुना थरथरला, मधोमध किंचित फुगला आणि फुटला. लहानशी चीर. मलप्पानं थापीनं ती मिटवली. त्याच्या डोळ्यांदेखत ती पुन्हा उघडली. आतून तोच वास आला, थंड, आंबूस... आणि त्यात दुधाचा.

“बाई... काय हाय हितं?”

गोदावरीनं उंबऱ्यावरचा कंदील जवळ ओढला.

“माझं पहिलं. गुरम्मा सुईण म्हणाली, तान्ह्याला घराबाहेर नेऊ नका, जमिनीतच ठेवा. त्याच कुशीत परत येतं. वर्षाच्या आत मला दिवस राहिले. सगळे म्हणाले, आलं बघ परत...” तिचा हात पोटावर गेला. “तुम्ही काम सोडून जाल म्हणून यांनी सांगू दिलं नाही.”

मलप्पा फळीवरून उठू लागला. पण बाईला धीर द्यायला हवा होता, आणि आयुष्यभर थट्टा केलेल्या जिभेला धीराचे शब्द कुठून सापडणार? सुचलं ते बोलून गेला.

“भिऊ नका. चुना वला हाय अजून. मी ह्यो कोपरा उकरून ठिवतो, वाट मोकळी करतो. लेकरू हाय की हितंच, कुटं गेलंय? यील परत तुमच्याच पोटी.”

खालून पुन्हा ठोकलं. गोदावरीच्या पोटावरचा पदर आतून हलला. ती कंदील उचलून मागं सरकली.

“ते अजून इथंच असेल, मलप्पा, तर माझ्या पोटात हे कोण आलंय?”