अंगी लागणारा आकडा

दळण टाकण्याआधी मूठभर धान्य कणवाचकासमोर धरायचं, ही सवय मिरजेतल्या बायकांना तीन वर्षांत लागली होती. बॅटरीएवढं ते यंत्र दाण्यांवर अवरक्त प्रकाश टाकायचं आणि परतलेल्या प्रकाशावरून प्रथिनांची टक्केवारी सांगायचं. चौदाच्या वर हिरवा दिवा, खाली लाल.

यंत्रामागचं सूत्र धान्य परीक्षण केंद्रातल्या डॉ. पद्मजा बिरनाळे यांचं होतं. त्यामुळे आक्काताई चौगुले खपली गव्हाची पिशवी घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी आल्या, तेव्हा पद्मजाला नवल वाटलं नाही. आक्का तिच्या माहेरच्या गावच्या. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघराला बारा वर्षं त्यांचीच खपली जात होती. आता जूनपासून लाल दिव्याचा गहू शाळेत चालणार नव्हता, आणि सरकारच्या नव्या बियाणे-यादीतूनही त्याचं नाव जाणार होतं.

"तेरा पूर्णांक दोन," पद्मजा म्हणाली. "आक्का, 'बलराज' गव्हाला सतरा येतात. यंत्र चुकत नाही."

"यंत्र कशाला चुकंल? तू शिकवलंस तेवढंच ते बोलणार." आक्कांनी पिशवी टेबलावरच ठेवली. "पण पोटात गेलेलं अंगी किती लागतं, ते मोजलंस का पद्मा?"

मोजलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी पद्मजानेच हट्ट धरला होता, की लोकांना एकच सोपा आकडा द्यावा. आता ते आठवून तिचे कान तापले.

पुढचे नऊ दिवस तिने खपली, बन्सी, शरबती आणि बलराज हे चार गहू प्रयोगशाळेत कसून तपासले. शरीर प्रथिनं बांधतं ते वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ ओवून. एका रंगाचे मणी संपले, की बाकीचे कितीही असोत, माळ थांबते. गव्हात सगळ्यात आधी संपणारा मणी म्हणजे लायसीन. ओंबी भरताना नत्र फवारून बलराजची टक्केवारी वाढवली होती, पण वाढलं होतं ते कणीक ताणणारं प्रथिन, ज्यात लायसीन नावालाच असतं. शंभर ग्रॅम खपलीत लायसीन बलराजपेक्षा थोडं जास्तच भरलं. जस्त तर दीडपट.

केंद्राचे संचालक मगदूम यांनी तक्ता दोनदा वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यादी मंजूर झाली आहे. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी बियाणं कुठून आणणार, सर? यादीतून गेलेला वाण कोणी पेरत नाही."

"पद्मजाताई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात. धोरण आपलं काम नाही."

"दिवा माझ्या सूत्रावर लागतो. म्हणजे तो खोटं बोलला तर माझ्या तोंडानं बोलतो."

यंत्रांचं सूत्र दुरुस्त करायचा अधिकार तिच्याकडेच होता. फक्त आधी लेखी मंजुरी लागायची. ती मिळणार नाही, हे मगदूमांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पद्मजा जागेवर आली. कणवाचकाला लायसीन ओळखायला शिकवणारी दुरुस्ती तयारच होती. तिने चारही गव्हांचा तक्ता जोडला, खाली पूर्ण नाव लिहिलं आणि सकाळी अकराच्या ठोक्याला, सगळ्या सहकाऱ्यांसमोर, ती दुरुस्ती राज्यभरच्या यंत्रांना पाठवून दिली. मग मगदूमांना जाऊन तसं सांगितलंही.

दुपारपर्यंत गिरण्यागिरण्यांत टक्केवारीखाली दुसरी ओळ उमटली: अंगी लागणारी प्रथिने. संध्याकाळी पद्मजाच्या निलंबनाचा आदेश निघाला. दुरुस्ती परत घ्यायचाही आदेश निघाला, पण तोवर शाळाशाळांतल्या मुलांच्या आयांनी दुसऱ्या ओळीचे फोटो काढून ठेवले होते, आणि पहिल्याच पालकसभेत त्यांनी ते मुख्याध्यापकांपुढे धरले. आठवड्याने यादी स्थगित झाली. रद्द झाली नाही, नुसती स्थगित.

पद्मजाचं निलंबन मात्र उठलं नाही. महिन्याभराने चौकशी समितीची प्रश्नावली घरी आली. पहिला प्रश्न होता: "दुसरा आकडा दाखवण्यासाठी आपण कोणाची परवानगी घेतली होती?"

 पद्मजाने त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं, "कोणाचीही नाही. पण तीन वर्षं तो न दाखवण्यासाठी आपण कोणाची परवानगी घेतली होती?"