पेडलखालून

पावसाळ्याच्या तोंडावर सुगतदादानं मला त्याची जुनी पांढरी गाडी दिली तेव्हा मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नव्हता. गंगाखेडहून सोनपेठच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला मी एसटीनं जायचे. गाडी देऊन दादा थांबला नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यांवर त्यानं मला ती शिकवली, लायसन्सही काढून दिलं. वडील गेल्यापासून माझं शिक्षण, नोकरी, सगळं त्यानंच पाहिलेलं. त्यामुळं मला आनंद झाला, नवल वाटलं नाही.

ब्रेक थरथरतो हे पावसाळा सरता सरता लक्षात आलं. पेडलवर पाय ठेवला की तळव्याला खालून धडधड जाणवायची. जुन्या गाडीत असं चालायचंच, तरी मी नागनाथ मिस्त्रीच्या गॅरेजला गेले. त्यानं समजावून सांगितलं, स्टिअरिंग हललं तर पुढच्या डिस्क बघायच्या, सीट हलली तर मागचे ड्रम. माझ्या गाडीत दोन्ही हलत नव्हतं. हलायचं ते फक्त पेडल. त्यानं डिस्क लेथवर घासून आणल्या, मग नव्याच टाकल्या. पॅड बदलले, ड्रम उघडून साफ केले. काही फरक पडला नाही.

मला वेगळंच खटकत होतं. डिस्क वाकडी असेल तर थरथर चाकासोबत येते आणि गाडी मंदावली की तीही मंदावते. ही मंदावत नव्हती. गाडी पूर्ण थांबल्यावरही पायाखाली काही वेळ चालूच राहायची. तिला ठेकाही नव्हता. दोन-तीन धक्के, मग खंड, मग एकदम जोरात.

हे ऐकून नागनाथनं गाडी उचलून स्टँडवर घेतली, चारही चाकं काढली आणि स्वतः सीटवर बसून पेडल दाबलं. इंजिन बंद होतं. जरा वेळानं त्यानं पाय झटकन मागं घेतला. खाली उतरून तो फडक्याला हात पुसत राहिला.

"मॅडम, हे चाकातनं येईना," तो म्हणाला. "खालनं कुणीतरी पेडल वर ढकलायलंय."

मग स्वतःच्याच बोलण्यावर हसला. पुढच्या वेळी पेडलमागचा मास्टर सिलिंडर खोलू म्हणाला. पण पुढच्या वेळी गेले तर, काम लय हाय, दुसरीकडं दाखवा, असं माझ्याकडं न बघताच सांगितलं.

दिवाळीनंतर एका दुपारी सोनपेठहून परतत होते. दोन्ही बाजूला उसाचे फड, त्यामधून अरुंद रस्ता. वळणावर मेंढरं आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, थरथर सुरू झाली. या वेळी ती गुडघ्यापर्यंत चढली. मेंढरं दोन्ही कडांना अंग चोरून उभी राहिली. एकही गाडीजवळून जाईना.

त्यांच्यामागून काठी घेतलेली एक म्हातारी आली. तिनं बंपरवर तळहात ठेवला, मग खिडकीशी येऊन वाकली.

"तुमीच का माधवीताई?"

माझं नाव कसं माहीत, मी विचारलं.

"तुमच्या भावानं सांगितलं हुतं. बहीण नवी शिकायली हुती, घाबरली, ब्रेक दाबलाच न्हाई. पोरीची जिंदगी बरबाद करू नका म्हून माझ्या पाया पडला. म्हून आमी पोलिसात गेलो न्हाई."

तिचं नाव म्हाळसाबाई. तिचा नवरा येडबा गेल्या उन्हाळ्यात याच वळणावर याच गाडीखाली सापडला होता. ती धावत पोचली तेव्हा दादा एकटाच रस्त्यात उभा होता. बहिणीला दुसऱ्या गाडीनं घरी पाठवलं, असं त्यानं तिला सांगितलं. येडबा अजून जिवंत होता. खालून गाडीला पाय मारत होता. हे सगळं ती सपाट आवाजात सांगत होती.

माझा पाय अजून पेडलवर होता.

मी म्हणाले, तेव्हा मला गाडी येतच नव्हती. मी इथं नव्हतेच.

तिनं काठी टेकली. "सख्खा भाऊ खोटं कशाला बोलंल, ताई? मी तवाच माफ केलं तुमाला."

ती मेंढरांमागं निघून गेली. मी तशीच परभणीला दादाच्या घरी गेले.

दादा अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी विचारलं. त्यानं नाकारलं नाही.

"तुझं कुणी काही वाकडं केलं नसतं, माधवी. नवीन शिकणारी बाई. माझी नोकरी गेली असती."

"मग गाडी मला का दिलीस?"

"उद्या कुणी शोधत आलंच असतं," तो शांतपणे म्हणाला, "तर गाडी तू चालवताना दिसायला हवी होतीस."

विद्यापीठाच्या रस्त्यावर माझ्या हातावर हात ठेवून गिअर टाकायला शिकवणारा तो हात आता खुर्चीच्या दांडीवर निवांत होता. मी किल्ली त्या हातात ठेवली. ब्रेकचं सांगितलं. जुन्या गाड्या थरथरतातच, तो म्हणाला.

अंधारून आलं होतं. गाडी कंपाउंडच्या भिंतीकडं पाठ करून उभी होती. आत कुणी नव्हतं.

भिंतीवर ब्रेकच्या दिव्यांचा लाल उजेड पडला.

विझला. परत पडला. दोन-तीनदा, मग खंड, मग एकदम भरभर.

दादानं तिकडं पाहिलं नाही. चहा घेतेस का, असं विचारता विचारता तो उठला. त्याचा हात मागच्या भिंतीवर गेला, न चाचपडता बटण सापडलं, आणि त्यानं अंगणातला मोठा दिवा लावला. तेवढ्या पांढऱ्या उजेडात लाल दिसत नव्हतं.