इनेसच्या कुलपाची दुसरी किल्ली

दार ओढून घे रॉबी, वारा आत येतोय. 'लिनेट' जहाजाचं तुम्ही दोघं एवढं विचारताय, तर सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. डंकन रे माझा शाळेपासूनचा मित्र होता, आणि तारखा मी त्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवल्या आहेत.

शनिवार, २४ नोव्हेंबर १८८३. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे आपल्या ॲबर्डीनला अंधार पडायला आलेला. डंकन कंदील घेऊन माझ्या भट्टीवर आला. कंदिलाची कडी तुटली होती, एवढंच काम. गुरुवारपासून तो 'लिनेट'वर रात्रीचा पहारेकरी म्हणून लागला होता. सोमवारी पहाटे आगबोट तिला ओढून नॉर्वेला नेणार होती. एका लाकूड व्यापाऱ्याने विकत घेतली होती ना.

तुम्ही दोघांनी तिला पाहिलीत ती कोळशाने काळी झालेली. मी तिला सन त्रेसष्टमध्ये पाण्यात उतरताना पाहिली, आणि तिचं निम्मं लोखंडकाम माझ्या हातचं. सहा वर्षं तिने चीनचा चहा आणला. एकदा फूचाऊहून लंडनला सत्त्याण्णव दिवसांत आली, तेव्हा धक्क्यावर लोक टोप्या उडवत होते. मग सुएझचा कालवा झाला आणि चहा आगबोटींनी पळवला. हिच्याकडे लोकर आली, मग कोळसा. थोड्या माणसांत चालावी म्हणून डोलकाठ्या कापल्या, वरच्या आडव्या काठ्या उतरवल्या. लांबून बघितलं तर पंख छाटलेली कोंबडी वाटायची.

कडी बसवून झाली तरी डंकन उठेना. इनेसच्या कुलपाचा साचा अजून आहे का, विचारलं. मी म्हटलं, आहे की, कशाला, बायकोला कोंडायचंय? एरवी त्याने मला दोन ऐकवली असती. त्या दिवशी नुसता कंदील उचलून गेला.

हे कुलूप काय ते सांगतो. शिडाचं खालचं टोक साखळीने ताणून धरतात. वादळात माणसं घाबरतात आणि अंधारात कोणीतरी ती साखळी हळूच सोडून देतं. शीड सुटतं, वेग जातो. 'लिनेट'च्या कप्तान इनेसला वेग हवा होता. त्याने माझ्याकडून कुलूप करून घेतलं आणि साखळी डेकवरच्या कडीला कुलूपबंद केली. मी दोन किल्ल्या करायला निघालो होतो. तो म्हणाला, एकच. मी एकच केली.

अडुसष्टच्या सप्टेंबरात, अझोर्स बेटांजवळ, रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी, वरचं शीड गुंडाळायला चढलेली तीन माणसं काठीसकट समुद्रात गेली. त्यांत डंकनचा धाकटा भाऊ इवन होता, एकोणीस वर्षांचा. डंकनही तेव्हा त्याच जहाजावर नोकरीला होता. चौकशीत इनेस म्हणाला, किल्ली माझ्या गळ्यात होती, मी झोपलो होतो. डंकनची आई मरेपर्यंत इनेसला शिव्याशाप देत होती.

रविवारी चर्च सुटल्यावर डंकन माझ्या घरी आला. चेहरा पांढराफटक. माझी बायको इझबेलने रस्सा पुढे ठेवला, त्याने चमचासुद्धा उचलला नाही. ती आत गेल्यावर म्हणाला, "आंगस, किल्ली माझ्या खिशात होती."

मी आतलं दार लावून घेतलं.

झोपायला जाताना इनेसने त्याला ती दिली होती. मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, असं बजावून. मागून येणाऱ्या जहाजावर तासाभराची आघाडी होती. वारा एकदम वाढला. ताणलेलं शीड फळीसारखं कडक, वरच्यांना मुठीत धरता येईना. इवन वरून ओरडत होता, साखळी सोड. डंकन किल्ली हातात घेऊन उभा राहिला. कप्तानाला उठवू का, एवढाच विचार करत. मग काठी मोडली. किल्ली त्याने त्याच रात्री पाण्यात फेकली.

"आणि आता?" मी विचारलं.

तो म्हणाला, आता तीन रात्री, दोन वीसला, ती साखळी परत असते. दिवसा नसते, कधीच काढून टाकली आहे. कुलूप तेवढं गंजून कडीला राहिलंय. पण रात्री त्यातून साखळी वर जाते. ताठ. अंधारात. आणि वर, जिथे आता काठीच नाही, तिथून तिघं हाका मारतात. शनिवारी त्याने घण घातला, कानस लावली, नखं मोडली. साखळीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

"आज शेवटची रात्र आहे रे," तो म्हणाला. "उद्या ती जाईल. मला दुसरी किल्ली करून दे."

मी त्याला सांगितलं, आज रविवार आहे, भट्टी पेटायची नाही.

काय बघतोस रॉबी? बोल.

"मामा, देव काय भट्टीचा धूर मोजत बसतो?"

...हेच डंकन म्हणाला असता. तो म्हणालाही नाही. मी चर्चच्या पंचांत होतो. आमच्या घरात रविवारी बुटाला पॉलिशसुद्धा होत नसे. मी म्हटलं, रात्री बारा वाजले की पेटवतो. तो म्हणाला, वेळ पुरेल? मी म्हटलं, पुरेल. कंदील घेऊन गेला.

दिवसभर मी बायबल उघडून बसलो. एक पानही उलटलं नाही. इझबेल म्हणाली, अहो, झोपा जरा. रात्री बाराचा पहिला ठोका पडला आणि मी भात्याला हात घातला. साचा जुना, झिजलेला. एक दात जास्त घासला गेला. पुन्हा केला. दोन वाजून दहा मिनिटांनी किल्ली चिमट्यात धरून पळत सुटलो. टोपी नाही, कोट नाही. वारा अजिबात नव्हता. बंदरात पाणी तेलासारखं पडलेलं.

धक्क्यावर पोचलो.

'लिनेट'च्या डेकवर कंदील जळत होता. माझीच कडी. डंकन दिसेना.

मग वरून आवाज आला.

काठीच नाही तिथून.

तिघं. मी तिघांना ओळखत होतो. एक हाक. दुसरी. आणि इवन, पोरवयाच्या आवाजात, "डंकन... सोड ना..."

मग चौथा. डंकनचा. तोही वरूनच.

"इवन, माझा हात धर. मी आलोय."

मी ओरडलो, डंकन, थांब, आणली...  जहाजावर चढायची फळी ओली होती. गुडघ्यावर पडलो. किल्ली मुठीत. गरम. तळवा भाजला.

आणि साखळी सुटली.

कधी ऐकली आहे? सगळी साखळी एकदम पळते तेव्हा हाडांत ऐकू येते. मी कुलपाच्या कडीपासून दहा पावलांवर होतो. तिथे कोणी नव्हतं.

मग शांत...

मग डेकवर पाय टेकल्याचा आवाज. अनवाणी. एक. दोन. तीन.

...चार.

बस.

मी तिथेच बसून राहिलो. पहाटे आगबोटीची माणसं आली. डंकन नव्हता. तीन दिवस बंदरात गळ टाकून शोधला. जहाज थांबलं नाही. मी कुलूप तेवढं काढून आणलं.

ते हे. आणि ही माझी किल्ली. घे, फिरवून बघ. नाही ना फिरत? घाईत दुसऱ्यांदाही दात चुकला होता. वेळेवर पोचलो असतो तरी उघडलं नसतं. हे मी इझबेलला कधी सांगितलं नाही.

ही दुसरी. त्या पहाटे कुलूप उघडं पडलं होतं आणि ही त्यात होती. करणारा मी आहे, माझी खूण मी ओळखतो. इनेससाठी एकच केली होती.

दिव्याजवळ धर. दातांवर त्या पांढऱ्या शिंपा बघ. नखाने निघत नाहीत.