डोंगराच्या खाचेतला क्रूस

"थांबा मिस! ही ती जागाच नाही!"

फेमी मोटरबोटीत ताडकन उभी राहिली. बोट अशी काही डुचमळली की तिचा आतेभाऊ हिलारिओ हातातल्या जॉनीकेकसकट कोलमडला.

"अगं ए! मला बुडवतेस की काय!"

"केक वाचला ना? मग गप बस!"

१९८४ सालच्या ईस्टरच्या सुटीतली ही गोष्ट. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर अविलेझ नुकत्याच पाण्यातून वर आल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी इथल्या एका भल्या थोरल्या प्रवाळाचं माप घेऊन शेजारच्या खडकात पितळी बिल्ला ठोकला होता. आता पाहावं तर खाली नुसता मेलेल्या प्रवाळाचा चुरा!

"काही उरलं नाही गं," त्या म्हणाल्या. "उद्याच्या बैठकीत मला हेच सांगावं लागणार."

खडक मेलेला ठरला, की तो सुरुंगांनी उडवून मोठ्या बोटींना वाट करायची, असं ठरलंच होतं. मग मासे कुठले आणि कसलं काय!

"जागा हीच! हा काय खुणेचा तरंगता बोया, पिवळाधमक!" बोटवाला गिलरॉय म्हणाला. "मी स्वतः सांभाळतो त्याला."

"बोया आहे, पण क्रूस कुठाय?" फेमीनं किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "चर्चचा क्रूस मागच्या डोंगराच्या खाचेत नेमका बसायला हवा. आणि त्याच वेळी धाकट्या बेटावरचा एकटा माड त्याच्या मागच्या भूशिराच्या टोकाला भिडायला हवा. आजोबांच्या खुणा आहेत या! इथून बघा, क्रूस खाचेच्या डावीकडे गेलाय. म्हणजे आपण फार उत्तरेला आलोय!"

गिलरॉय खो-खो हसला. "तुझ्या आजोबांना ताटातला मासा दिसत नाही, आणि खुणा सांगतात!"

फेमीचे कान तापले. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांना हा प्रवाळ दाखवला होता तो आजोबांनीच. डोळ्यांत मोतीबिंदू झाला म्हणून काय कुणीही उठून हसावं?

"माझी बोट बारा वाजता सुटते, फेमी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. गिलरॉयनं तर बोट केव्हाच वळवली होती.

धक्क्याला लागताच फेमी धावत सुटली. आजोबा अंगणात जाळं विणत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"होडी काढ," ते म्हणाले. "वल्हं मी मारतो. डोळे तुझे."

"आणि मी?" हिलारिओनं विचारलं.

"तू पाणी उपस. खाणं संपलं की!"

तिघं निघाले. फेमी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसली होती. किनाऱ्यावरचा क्रूस हळूहळू उजवीकडे सरकत होता.

"बसला का खाचेत?"

"अजून नाही... थोडं दक्षिणेला... बसला!"

"माड?"

"अजून दूर आहे. क्रूस खाचेतच ठेवून सरळ समुद्राकडे चला, आजोबा! आला... भिडला!"

"मार उडी!"

फेमीनं सूर मारला. आणि खाली पाहते तर काय! त्यांच्या स्वयंपाकघराएवढा प्रवाळ, सोनेरी तपकिरी, अगदी ठणठणीत! शेजारच्या खडकात बिल्लाही होता. तिनं अंगठ्यानं शेवाळ पुसून आकडा वाचला आणि ती धापा टाकत वर आली.

"सापडला! जिवंत आहे!"

"तुकडा आण ना पुराव्याला!" हिलारिओ ओरडला.

"हात तोडीन तुझा! म्हणे तुकडा आण!"

डॉक्टरांचा एक पाय बाराच्या बोटीत होता तेवढ्यात लांबून आरोळी आली, "चार-एक-सात! मिस, चार-एक-सात!"

डॉक्टरांनी झटकन वही उघडली. "अगंबाई! हा आकडा या वहीबाहेर कुणालाच ठाऊक नाही!"

त्यांनी पेटी तिथंच धक्क्यावर टाकली आणि त्या होडीत उतरल्या. तासाभरानं प्रवाळ मोजून वर आल्या तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. प्रवाळ पाच वर्षांत चांगला दोन सेंटिमीटर वाढला होता!

धक्क्यावर गिलरॉय मान खाली घालून उभा होता. "फेब्रुवारीच्या वादळात बोया वाहून गेला होता. मी परत लावला... साधारण तिथंच असेल म्हणून."

"साधारण?" डॉक्टर कडाडल्या. "तुमच्या या 'साधारण'पायी आख्खा खडक उडाला असता! उद्या बैठकीत मी सगळं सांगणार आहे. बोया तर आत्ताच हलवा, आणि या मुलीला विचारून हलवा!"

मग तिथंच बसून त्यांनी वहीत डोंगर, खाच, क्रूस आणि माड काढला. खाली दोन ओळी लिहून वही फेमीच्या हातात दिली.

"खुणा: एउलालिओ अरिओला," फेमीनं आजोबांचं नाव वाचलं. खाली तिचं स्वतःचं पूर्ण नाव होतं. "नजर: एउफेमिया अरिओला."

"उपसलेलं पाणी: हिलारिओ!" हिलारिओनं जोडून दिलं.

डॉक्टर आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सहा महिने शोधला असता तरी मला सापडला नसता, काका. नात मोठी हुशार आहे तुमची."

आजोबा ताठ बसले. त्यांच्या धूसर डोळ्यांत पाणी होतं.

"पुन्हा वाच पोरी," ते म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं. गिलरॉयला नीट ऐकू गेलं नसेल."